डफ, बुर्रा आणि गुमेला

कोजागिरीचे चांदणे ओसरू लागले की आदिलाबादच्या डोंगरातील गोंडांच्या गुड्यांतून गुमेल्याचा आवाज येऊ लागतो. दंडारीचे दिवस येतात. मोरपिसांचे भलेमोठे टोप घातलेले गुसाडी, त्यांच्यासोबत वाद्ये वाजवणारी मंडळी आणि मागे गावातील पोरेसोरे, असा ताफा एका गावाहून दुसऱ्या गावाला निघतो. याच सुमारास आपल्या मराठी घरांत फराळाची लगबग सुरू होते. शेजारच्या तेलुगू घरांतील बायका-मुली बतुकम्मा खेळून नुकत्याच मोकळ्या झालेल्या असतात. तीन भाषांचे सण असे एकमेकांच्या पाठोपाठ येतात. आपण त्यांच्याकडे सण म्हणून पाहतो आणि त्यांचे कौतुकही करतो. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते, आणि तीच या लेखात मांडायची आहे.

गोष्ट अशी की, या मुलखातील सामान्य माणूस सार्वजनिक काम करायला शिकला तो अशाच ठिकाणी. चार माणसे कशी जमवावीत, वर्गणी मागताना मान कशी ताठ ठेवावी, हिशेब उघडा कसा ठेवावा, विरोधकाचा प्रश्न हसत कसा झेलावा, रुसलेल्याला परत कसे आणावे, अधिकाऱ्यासमोर गाऱ्हाणे नेमक्या शब्दांत कसे मांडावे, याचे शिक्षण त्याला कोणत्या वर्गात मिळाले नाही. ते मेळ्यात, जलशात, दंडारीत आणि जत्रेत मिळाले. चळवळींचा इतिहास लिहिताना आपण नेत्यांची भाषणे आणि ठरावांच्या तारखा लिहितो. त्या नेत्यामागे उभ्या राहिलेल्या हजार माणसांना उभे राहायला कोणी शिकवले, हा प्रश्न बहुधा राहून जातो. मराठी, तेलुगू आणि गोंडी यांच्या सांध्यावर राहणाऱ्या आपणा मंडळींना त्याचे उत्तर इतरांपेक्षा जवळून पाहता येते.

सभेला बंदी, मेळ्याला वाट

आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी. कारभार आणि उच्च शिक्षण मात्र उर्दूत. 1929 साली निजाम सरकारने ‘गश्ती निशाण 53’ काढली. तिच्यामुळे परवानगीवाचून सभा घेता येईना, आणि राजकारणाचा नुसता वास आला तरी परवानगी मिळणे कठीण झाले. वर्गात हे सांगितले की मुले विचारतात, “मग सर, लोक गप्प बसले?”

लोक गप्प बसले नाहीत. त्यांनी वाचनालये काढली, खासगी शाळा चालवल्या, गणेशोत्सवात मेळे उभे केले, कीर्तने आणि व्याख्याने ठेवली. हैदराबादेत श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय 1901 सालीच सुरू झाले होते. पुढे तेलुगू भागात ग्रंथालयांची मोठी चळवळच उभी राहिली. मराठी भागात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय यांनी कार्यकर्त्यांची पिढी घडवली. हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे या दोन्ही ठिकाणी शिक्षक होते, ही गोष्ट आम्हा मास्तर मंडळींना विशेष जवळची वाटते.

मेळा म्हणजे काय, हे आजच्या तरुण वाचकांना कदाचित सांगावे लागेल. वीस-पंचवीस मुलांचा संच, एकसारखा पोशाख, हातात टाळ किंवा लेझीम, आणि तोंडी त्या वर्षीच्या घटनांवर रचलेली पदे. पुण्यात 1893-94 नंतर सार्वजनिक गणेशोत्सवाबरोबर मेळे वाढले आणि त्यांतील पदांवर ब्रिटिश सरकारलाही नजर ठेवावी लागली. मेळ्यात जाणाऱ्या मुलाला महिनाभर आधी तालमीला वेळेवर यावे लागे. शेजाऱ्याच्या आवाजात आवाज मिळवावा लागे. पोशाखाचे पैसे नसलेल्या सवंगड्यासाठी चार घरे फिरावी लागत. आणि अनोळखी चौकात, शेकडो डोळ्यांसमोर, न लाजता तोंड उघडावे लागे. त्या मुलाला आपण राजकारण शिकत आहोत याची कल्पनाही नसे. तो गाणे म्हणत होता एवढेच.

या तयारीची परीक्षा 1938 साली झाली. औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. बंदी आली; बंदी न मानणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांना शिक्षण सोडावे लागले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. एका गाण्यासाठी घर, वर्ष आणि शिष्यवृत्ती पणाला लावणारी ही मुले एकाएकी तयार झाली नव्हती. एकत्र गाण्याची आणि गाणे मध्येच न सोडण्याची सवय त्यांना आधीपासून होती.

सोंगाड्याचा प्रश्न

हे साधन मराठी मुलखात त्याही आधी घडत आले होते. महात्मा फुले यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. समाजाचा विचार शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवायचा तर पुस्तक उपयोगाचे नव्हते, कारण वाचणारे थोडे. तेव्हा सत्यशोधक मंडळींनी लोकांना आवडणारा तमाशाच हाती घेतला आणि त्याचा जलसा केला. गण, गौळण, बतावणी आणि वग ही चौकट ठेवली, आतला ऐवज बदलला. गणात निर्मिकाची आळवणी आली. वगात सावकार, दारू, खर्चिक लग्ने आणि मुलांचे शिक्षण आले.

या चौकटीत शिक्षणाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची जागा सोंगाड्याची. शहीर काही मांडू लागला की सोंगाड्या त्याला मध्येच अडवतो. “आमचे बापजादे काय खुळे होते?” असे विचारतो. गावाच्या मनात असलेली, पण गाव मोठ्याने न बोलणारी शंका तो बोलून दाखवतो. श्रोते हसतात, आणि हसता हसता उत्तराकडे कान लावतात. हे वठवायचे तर तालमीत कोणाला तरी विरोधकाची बाजू पूर्ण ताकदीने मांडावी लागते आणि दुसऱ्याला न चिडता तिचा समाचार घ्यावा लागतो. वादविवाद स्पर्धेत आम्ही शिक्षक जे शिकवू पाहतो, ते जलशातील पोरे रात्रीच्या कंदिलात शिकत होती. शिवाय येथे ढोलकी होती, म्हणून कंटाळा नव्हता.

पुढे 1930 च्या दशकात आंबेडकरी जलसे उभे राहिले. नाशिककडील भीमराव कर्डक यांचे नाव त्यांत अग्रभागी येते. या परंपरेतून आलेले वामनदादा कर्डक (1922-2004) मोठेपणी अक्षरे शिकले आणि आयुष्यभर गावोगाव गात हिंडले. मराठवाड्यातील कित्येक वस्त्यांत त्यांच्या गाण्यांतून माणसे आधी घटना आणि हक्क हे शब्द शिकली, आणि अर्ज लिहायला त्यानंतर बसली.

1944 साली मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. वाटेगावच्या अण्णाभाऊंच्या वाट्याला शाळा जवळजवळ आलीच नव्हती. बार्शीच्या अमर शेखांचा बुलंद आवाज मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचे. गिरणी कामगारांचे संप आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राचा लढा यांत या तिघांनी जे काम केले, ते कित्येक वक्त्यांना जमले नसते. त्याच काळात राष्ट्र सेवा दलाचे कलापथकही गावोगाव जात होते. वसंत बापट, लीलाधर हेगडे यांच्यासारखी माणसे त्यात होती, पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हा वग लिहिला, आणि निळू फुले यांच्यासारखा नट याच मातीतून वर आला. कलापथकात गेलेल्या तरुणाला गाण्याआधी सतरंजी घालावी लागे, उतरण्याची सोय पाहावी लागे आणि मिळेल ते पंक्तीला बसून खावे लागे. जातीपातीच्या गप्पा तेथे फार वेळ टिकत नसत; भूक लागलेली असे.

आता आपल्या तेलुगू शेजाऱ्यांकडे पाहा. त्याच वर्षांत आंध्रात प्रजा नाट्य मंडळी उभी राहिली आणि तिने बुर्रकथा हाती घेतली. बुर्रकथेत तिघे असतात. मधला कथा सांगतो, हातातला तंबोरा, म्हणजे बुर्रा, वाजवतो. त्याच्या एका बाजूचा साथीदार विनोद करतो. दुसऱ्या बाजूचा चालू राजकारणावर बोलतो. म्हणजे आमच्या सोंगाड्याचे काम तेथे दोघांत वाटलेले. आमच्याकडे अमर शेख, तर तिकडे गुंटूर भागातील शेख नाझर. त्यांना पुढे 1986 साली पद्मश्री मिळाली. 1947 साली ‘मा भूमि’ या नाटकाने तेलंगणातील शेतकऱ्यांचा लढा रंगभूमीवर आणला. दोन भाषा, दोन वाद्ये, पण पाठ एकच: जो प्रश्न लोकांच्या ओठावर येत नाही, तो आधी हसवून बाहेर काढावा.

पाहुणा गाव, यजमान गाव

येथवर शहरातून खेड्याकडे गेलेल्या कलेची हकिगत झाली. आपल्या डोंगरातील गोंडांना मात्र कोणी बाहेरून येऊन शिकवले नाही. त्यांची स्वतःची रीत आधीपासून होती.

दंडारीचा आरंभ ‘भोगी’च्या पूजेने होतो आणि दिवाळीनंतर ‘कोलाबोडी’ने ती संपते. मधल्या दिवसांत एका गावचा ताफा दुसऱ्या गावी पाहुणा म्हणून जातो. यजमान गाव त्याला सामोरे जाते, जेवू घालते, रात्रभर नाचगाणे होते, आणि पुढे पाहुणे गाव यजमान होऊन परतफेड करते. गुसाडी झालेल्यांनी हे दिवस आंघोळ न करता, जमिनीवर झोपून, व्रतस्थ राहायचे असते. गुमेला, पर्रा, पेप्रे ही वाद्ये वर्षभर जपून ठेवलेली असतात. या भेटींत सोयरिकी ठरतात, जुने तंटे मिटतात.

मुख्याध्यापकाच्या नजरेने या रिवाजाकडे पाहिले की मी थक्क होतो. शंभर माणसांची सहल काढायची तर आम्हांला चार महिने पत्रव्यवहार करावा लागतो. येथे कागदाचा तुकडा न वापरता गावेच्या गावे प्रवासाला निघतात. कोणी कोठे उतरायचे, धान्य कोणी द्यायचे, कोणाच्या शब्दाला मान द्यायचा, हे सर्वांना ठाऊक असते. संघटना म्हणजे याहून वेगळे काय असते? मार्लवाईचे गुसाडी कलावंत कनक राजू यांना 2021 साली पद्मश्री मिळाली तेव्हा सर्वांना नृत्य दिसले. 2024 साली ते गेले. नृत्यामागची ही गावागावांची वीण मात्र सन्मानपत्रात मावत नाही.

1940 साली जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम आणि त्यांचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. जंगलखात्याचा जाच आणि हातून जाणाऱ्या जमिनी यांविरुद्ध बारा गावे एकत्र आली होती. तार नाही, वर्तमानपत्र नाही, अशा काळात दऱ्याखोऱ्यांतील बारा गावांना एका निर्णयावर आणणे सोपे नव्हते. मला वाटते, वर्षानुवर्षे एकमेकांच्या अंगणात नाचलेल्या गावांनाच ते साधते. जोडेघाटला भीमांची पुण्यतिथी इंग्रजी तारखेने पाळत नाहीत; आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीला पाळतात. हुतात्म्याचे स्मरण सरले की दंडारीची तयारी सुरू होते.

केस्लापूरचा दरबार

जोडेघाटच्या घटनेनंतर निजाम सरकारला गोंडांच्या असंतोषाचे कारण शोधणे भाग पडले. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे ते काम आले. ते आणि त्यांच्या पत्नी बेट्टी मार्लवाईला गोंडांच्या वस्तीत राहिले. त्यांनी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही आपल्या विषयाशी निगडित आहेत.

पहिली गोष्ट नागोबाच्या जत्रेची. आदिलाबादहून तीस-पस्तीस किलोमीटरवर, इंद्रवेल्लीजवळ केस्लापूर आहे. पौषी अमावास्येला मेस्राम कुळाचे लोक तेथे नागोबाची महापूजा करतात. त्याआधी छकडा जोडून गावोगाव वर्दी दिली जाते. मग मंडळी अनवाणी पायी निघून गोदावरीवरील हस्तिनमडुगू येथून पूजेचे पाणी आणतात. पाणी कोणी धरायचे, मडकी कोठून यायची, चूल कोणत्या घराण्याची, सारे ठरलेले. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी आणि वडीलधाऱ्यांशी ओळख करून देण्याचा ‘भेटिंग’ हा विधीही याच वेळी होतो. हायमेनडॉर्फ यांच्या ध्यानात आले की हजारो गोंड जेथे आपण होऊन, न भिता, सहकुटुंब जमतात, अशी जागा हीच. कचेरीत यायला बिचकणारा माणूस जत्रेत बिचकत नाही. म्हणून 1940 च्या दशकात त्यांच्या प्रयत्नाने जत्रेतच दरबार भरू लागला. अधिकाऱ्यांनी लोकांकडे यायचे आणि गाऱ्हाणी ऐकायची. ही प्रथा पुढेही चालत आली.

दरबारात सर्व प्रश्न सुटले असे कोणी म्हणणार नाही. पण आपल्या आप्तांच्या गर्दीत, आपल्या देवासमोर, अधिकाऱ्याशी बोलण्याचा सराव दर वर्षी होत गेला, ही गोष्ट लहान नाही. अलीकडे मेस्राम कुळाने केस्लापूरचे मंदिर नव्याने बांधले तेही आपसांत वर्गणी काढून. 2022 साली ते पूर्ण झाले. एवढी रक्कम वर्षानुवर्षे गोळा करायची आणि तिचा हिशेब कुळापुढे ठेवायचा, हे ज्यांना जमते त्यांना मागासलेले म्हणताना आपण जरा विचार करावा.

दुसरी गोष्ट मार्लवाईच्या शिक्षक-वर्गाची. 1943 साली तेथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे काम सुरू झाले. गोंडी भाषेतील पहिली वाचनपुस्तके निघाली ती देवनागरी लिपीत, कारण त्या काळी या भागात मराठीचा वावर मोठा होता आणि अनेक गोंडांना ती समजत असे. गोंडांच्या कथा गोंडांच्याच भाषेत, आपल्या लिपीत छापल्या गेल्या. मुलांना वाचायला मिळाले ते ओळखीचे. अक्षर आले तसा जमिनीचा पट्टा कोणाच्या नावे आहे हे वाचता येऊ लागले आणि अर्जनविशीसाठी दुसऱ्याचे तोंड पाहणे कमी झाले. 1956 साली भाषावार प्रांतरचना झाली. जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके महाराष्ट्राच्या बाजूला गेले, उरलेला भाग आंध्र प्रदेशात राहिला, आणि शाळांची भाषा तेलुगू झाली. मार्लवाईला बेट्टी आणि क्रिस्टोफ या दोघांचीही समाधी आहे. आपल्या वाचकांनी एकदा सहकुटुंब तेथे जाऊन यावे.

या इतिहासाला एक काळे पान आहे. 20 एप्रिल 1981 रोजी, सोमवारी, इंद्रवेल्लीच्या बाजाराच्या दिवशी, गिरिजन रयतु कूली संघमची सभा व्हायची होती. परवानगी ऐनवेळी रद्द झाली. ते गावोगावी कळले नव्हते. लोक येतच राहिले. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृतांचा. लोक याहून कितीतरी अधिक सांगतात. इंद्रवेल्लीपासून केस्लापूर हाकेच्या अंतरावर आहे. जेथे जत्रेत अधिकारी गाऱ्हाणी ऐकतात, त्याच परिसरात बाजाराच्या दिवशी जमलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. एकत्र जमण्याचा हक्क गेला की पुढचे सर्व हक्क कसे लटके पडतात, हे आपल्या जिल्ह्याने असे रक्त देऊन पाहिले आहे.

घोटुलाची लाकडे

आपल्या पूर्वेला, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाचा दाखला येथे देण्यासारखा आहे. 1980 च्या दशकात धरणविरोधी आंदोलनाच्या निमित्ताने जागे झालेल्या या गावाने आपली जुनी घोटुलाची परंपरा पुन्हा सुरू करायचे ठरवले. घोटुल म्हणजे तरुणतरुणींनी जमायचे, गाण्याबजावण्याचे आणि रीतभात शिकण्याचे ठिकाण. जंगलातील सागवान वापरून घोटुल बांधला, तो वनखात्याने काढून टाकला. तेव्हा मेंढ्याबरोबर आसपासच्या गावांनीही घोटुल उभारले. जंगलावर हक्क कोणाचा, हा मोठा प्रश्न गावाला प्रथम नाचगाण्याच्या जागेवरून उमगला.

देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने अभ्यासगट चालवले. कायदा, जंगल, मध, बांबू अशा विषयांवर लोक एकत्र बसून शिकत. निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या सहमतीने घेण्याची पद्धत ठेवली, मग त्याला कितीही बैठका लागोत. 2009 साली वनहक्क कायद्याखाली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर मेंढ्याच्या ग्रामसभेचा सामूहिक हक्क मान्य झाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. वीस-पंचवीस वर्षे एखादे गाव केवळ रागाच्या बळावर टिकत नाही. एकत्र बसणे लोकांना आवडत होते, म्हणून ते टिकले.

एक भाषा हसली तेव्हा

मात्र आनंदाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ती आपल्याच, म्हणजे मराठी मंडळींच्या, घरची आहे. नोव्हेंबर 1921 मध्ये हैदराबादच्या विवेकवर्धिनी संस्थेत सामाजिक परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी कर्वे होते. मराठी, उर्दू, इंग्रजी भाषणे लोकांनी ऐकली. आलमपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलायला उभे राहिले तेव्हा मात्र श्रोत्यांनी हुर्यो उडवली आणि त्यांना बोलू दिले नाही. त्या अपमानातून आंध्र जनसंघम जन्माला आली आणि 1930 साली जोगीपेठला आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन भरले. मराठी भागाची महाराष्ट्र परिषद 1937 साली परतूरला भरली. राज्य एक, जाच एक, आणि परिषदा वेगवेगळ्या.

हसणे माणसांना जवळ आणते तसेच दूरही लोटते. सोंगाड्या हसतो तो बलवानाला आणि स्वतःला. त्या दिवशी सभागृह हसले ते आपल्याच शेजाऱ्याच्या भाषेला. आज आपण तेलुगू भाषकांच्या राज्यात अल्पसंख्य आहोत. आपल्या मुलाच्या तेलुगू उच्चारांना वर्गात कोणी हसले की आपल्याला जे वाटते, ते त्या वक्त्याला वाटले असेल. सीमाभागातील प्रत्येक मराठी घराने हा प्रसंग मुलांना सांगावा.

तेलंगणाच्या अलीकडच्या चळवळीने हा धडा चांगला गिरवला. 2002 साली कामारेड्डीला ‘धूम धाम’ नावाचा गाण्यानाचण्याचा कार्यक्रम झाला आणि पुढे तो राज्यभर पसरला. ज्या बोलीला सिनेमात विनोदापुरते वापरत, तीच बोली व्यासपीठावर ताठ उभी राहिली. बतुकम्मा रस्त्यावर आली. 2 जून 2014 रोजी राज्य झाले. त्याला कारणे पुष्कळ आहेत. पण खेड्यातील बाई प्रथमच मोर्चात आली ती बतुकम्माचे तबक डोक्यावर घेऊन, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता आपल्याकडे

मावला हे आदिलाबाद शहराला खेटून असलेले, महामार्गावरचे गाव; 2016 पासून मंडलाचे ठिकाण. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दोन्ही आणि वर थोडी हिंदी. आमच्या हायस्कुलात येणारे मूल तीन भाषा सहज बोलते. पण दहा माणसांसमोर उभे करून ‘तुझ्या गल्लीत पाणी का येत नाही ते सांग’ म्हटले, की तिन्ही भाषा आटतात. बुद्धी कमी आहे म्हणून असे होत नाही. सराव नाही. गणपतीत मुलांच्या कानाशी ध्वनिक्षेपकाची भिंत असते. गाणी तयार येतात, मांडव ठेकेदार घालतो, वर्गणी दोघे-तिघे गोळा करतात आणि हिशेब कोणी वाचून दाखवत नाही. सण मोठा झाला, त्यातले मुलांच्या हातचे काम तेवढे संपले.

शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही एक साधी गोष्ट करतो. खर्चाचा हिशेब नववीच्या मुलांकडे देतो आणि तो त्यांनी सर्वांपुढे वाचायचा असतो. एकांकिका बसवताना एक पात्र केवळ प्रश्न विचारणारे ठेवतो, आणि सूत्रसंचालन मराठी व तेलुगू अशा जोडीने होते. काही वर्षांपूर्वी हिशेब वाचताना घामाघूम झालेली एक मुलगी आज आपल्या बचत गटाची सचिव आहे. बँकेच्या खिडकीशी उभी राहून ती पासबुकातली चूक दाखवते. कोणी शिकवले, असे विचारले तर ती गॅदरिंगचे नाव सांगते.

हे का महत्त्वाचे, ते स्पष्टच सांगतो. 2018 च्या कायद्याने तेलंगणातील शाळांत तेलुगू सक्तीची झाली. ती आपल्या मुलांनी शिकलीच पाहिजे, उत्तम शिकली पाहिजे. पण मराठीचा वर्ग, मराठीचा शिक्षक आणि मराठीची पुस्तके हवी असतील तर ती मागावी लागतील. अर्ज लिहावा लागेल, पालक जमवावे लागतील, तेलुगू शेजाऱ्याची सही घ्यावी लागेल, पहिल्यांदा नकार आला तर दुसऱ्यांदा जावे लागेल. हे काम घरात बसून महाराष्ट्राच्या नावाने उसासे टाकल्याने होणार नाही, आणि भांडणानेही होणार नाही. ते करणारी माणसे आज आठवी-नववीत आहेत.

म्हणून या दिवाळीत वाचकांना एवढेच सुचवतो. आपल्या गल्लीतील मुलांना एक मेळा बसवू द्या. पद त्यांनी रचावे, चाल तेलुगू असली तरी चालेल. वर्गणी त्यांनी मागावी, हिशेब त्यांनी भिंतीवर लावावा. शेजारच्या तेलुगू घरातील दोन मुले त्यात असावीत, आणि जमल्यास दंडारी पाहायला सर्वांनी मिळून एखाद्या गोंड गावी जावे, विचारून आणि शिधा बरोबर घेऊन. सूर चुकतील, नारळ फोडताना दोघांची बाचाबाची होईल, पाच रुपयांचा हिशेब लागणार नाही. मोठ्यांनी मध्ये पडू नये. पाच रुपये कोठे गेले हे मुलांनाच शोधू द्यावे.